‘लिनक्सला ही डिस्क चालत नाही’ म्हणे!

अर्धापुरात लग्नसराई उतरली की फोटो स्टुडिओवाल्यांचे कॉम्प्युटर भरून वाहतात. मग शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातं. अशाच एका स्टुडिओत जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं, डिस्क जोडली, तर ती उघडेना. शेजारचा जाणकार लगेच म्हणाला, ‘‘लिनक्सला ही चालत नसती. फॉरमॅट मारावं लागतंय.’’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. फॉरमॅट मारलं की डिस्क लगेच चालते, फक्त लग्नं जातात.

विंडोजची डिस्क मांडायची एनटीएफएस पद्धत लिनक्सला 2007 पासून नीट लिहिता-वाचता येते. 2021 मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 5.15 आलं, तेव्हापासून त्यासाठीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीचा तपशील मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये खुला केला आणि पुढच्याच वर्षी सॅमसंगचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे तिथेही गणित वेगळं नाही.

मग डिस्क अडते कुठे? बहुतेक वेळा विंडोजने ती नीट सोडलेलीच नसते. विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ म्हणजे पुरतं बंद होणं राहिलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर अर्धा कारभार आतल्या डिस्कवर जपून ठेवून विंडोज झोपतं, जोडलेली डिस्क न सोडताच. कुणी मध्येच केबल उपसली तरी डिस्कवर ‘काम अपुरं’ अशी खूण राहते. आडतीवर एक मापाडी माप अर्धवट टाकून उठला, तर दुसरा त्या ढिगाला हात लावत नाही. लिनक्सही तेच करतं: डिस्क उघडत नाही, किंवा नुसती वाचायला देतं. डिस्क परत विंडोजला जोडा, तिथल्या ‘चेकडिस्क’ने तपासा, ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा. त्या स्टुडिओचं काम एवढ्यावरच भागलं.

डिस्क टकटक करते आणि दिसतच नाही, तर दोष सॉफ्टवेअरवर ढकलू नका. यूएसबी 2 चं पोर्ट 500 मिलिअँपिअर देतं, यूएसबी 3 चं 900. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टात, आखूड केबलने जोडून बघा. तरीही टकटक थांबली नाही तर डिस्कच थकली असेल. चाललीच, तर आधी कॉपी काढा, बाकीचं नंतर.

‘कॉपीची पट्टी भरली, म्हणजे झालं’ हेही खरं नाही. लिनक्स आधी मेमरीत लिहितं, डिस्कवर सावकाश उतरवतं. ‘इजेक्ट’ला वेळ लागतो तो त्यामुळेच. आपल्याकडची वीज पाहता तेवढा धीर धरलेला बरा.

ई ड्राइव्ह, एफ ड्राइव्ह शोधू नका. लिनक्समध्ये डिस्क ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरखाली लागते. 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसली तर कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने.

डिस्क नवी आणि रिकामी असेल तर फॉरमॅट खुशाल मारा. फॅट32 मात्र टाळा, त्यात 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. दोन्हीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट, पण त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसतं, म्हणून केबल उपसणाऱ्यांनी जपून. फक्त लिनक्सवरच राहणार असेल तर ईएक्सटी4. तिथे ‘परवानगी नाही’ असं आलं तर तो व्हायरस नव्हे. फोल्डर रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या, मालकीचा असतो, तो आपल्या नावावर करून घ्यायचा.