जालन्याचं लोखंड, खडकपूर्णेची रेती आणि ऐकीव सल्ले

देऊळगाव राजात कुणी पाया खणायला घेतला की पहिला सल्ला ठरलेला: "लोखंड जालन्यातून आणा, कारखान्यातून थेट." जालना इथून तीसेक किलोमीटर. जिल्हा बुलढाणा असला तरी बुलढाण्यापेक्षा जालनाच जवळ, आणि भंगार व स्पंज आयर्न वितळवून सळई तयार करणाऱ्या तिथल्या कारखान्यांचं नाव राज्यभर. त्यामुळे सल्ला लगेच पटतो. हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही.

हजार चौरस फुटांच्या साध्या स्लॅबच्या घराला ढोबळमानाने साडेतीन-चार टन लोखंड लागतं. किलोमागे एक रुपया वाचला तर चार टनांना चार हजार. त्यातून टेम्पोचं भाडं आणि हमाली वजा करा. शिवाय घराचं लोखंड एकदम लागतच नाही. फुटिंग-कॉलमला आधी, स्लॅबला नंतर, म्हणजे भाडं दोनदा. "कारखान्यातून थेट" हेही बोलायचंच. कारखान्यांचा व्यवहार बहुधा विक्रेत्यांशी, गाडीच्या हिशेबाने चालतो. दोन-चार टनांचं गिऱ्हाईक जालन्यात जाऊनही शेवटी दुकानाच्याच पायरीवर उभं राहतं. चार-पाच घरांनी मिळून एक गाडी भरून आणली, तर गोष्ट वेगळी.

"एका टनात नग जास्त आले, फायदा झाला!" घर बांधणाऱ्याला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. सळईचं वजन अंदाजाचं नसतं. जाडीचा मिलिमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणा आणि १६२ ने भागा, की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची सळई मीटरला ८८८ ग्रॅम, ८ मिमीची ३९५ ग्रॅम. १२ मीटर लांबीची १२ मिमीची एक सळई १०.६६ किलोची, म्हणजे टनात साधारण ९४ नग. मोजल्यावर ९९ भरले, तर दुकानदाराने पाच नग फुकट दिलेले नाहीत. प्रत्येक सळई वजनाला पाच टक्क्यांनी कमी आहे. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे ८ आणि १० मिमीच्या मालात सरासरी सात टक्के, तर १२ आणि १६ मिमीच्या मालात पाच टक्के कमी-जास्त चालतं. त्यापलीकडे गेलेलं लोखंड नकाशावर १२ मिमी असतं, कॉलममध्ये नसतं. इंजिनिअरने कॉलमला सहा नग लिहिले की मिस्त्री सहाच बांधणार. बारीक सळईची भरपाई जास्तीच्या नगांनी होत नाही. ते नग अंगणात पडून राहतात.

उलटी फसवणूकही असते. काही ठिकाणी वजन न करता बंडलवर तक्त्यातल्या वजनाने पैसे घेतात. माल बारीक असला तर पैसे पूर्ण वजनाचे जातात आणि लोखंड कमी पदरात पडतं. म्हणून रिकामी आणि भरलेली गाडी आपण निवडलेल्या भुईकाट्यावर तोलून घ्यावी आणि नगही मोजावेत. दोन्ही आकडे हातात असले की लबाडी लपत नाही. शंका आली तर एकेक मीटरचे तीन-चार तुकडे कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावेत. याला ना प्रयोगशाळा लागते, ना ओळख.

याच्या जोडीला "जालन्याचं लोखंड हलकंच, मोठ्या कंपनीचंच घ्या" असं म्हणणारेही आहेत. गावाच्या नावावरून दर्जा ठरत नाही. आयएसआय चिन्ह नसलेली बांधकामाची सळई विकायला परवानगीच नाही, मग कारखाना जालन्याचा असो की जमशेदपूरचा. सळईवर उठवलेली खूण, सोबतच्या पट्टीवरचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र बघावं. क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना खरा आणि चालू आहे की नाही ते कळतं. ग्रेडमधल्या "डी"कडेही लक्ष असू द्या. ५०० आणि ५००डी यांची ताकद सारख्याच वर्गातली, पण ५००डी जास्त ताणली जाते (१२ ऐवजी किमान १६ टक्के) आणि तिच्यात गंधक-फॉस्फरसची मर्यादा कडक असते. सळईवर हलका तांबूस गंज दिसला म्हणून माल परत पाठवायची गरज नाही. पापुद्रे सुटत असतील तर जरूर पाठवावा.

सिमेंटच्या बाबतीत लोक कंपनीवर हुज्जत घालतात आणि गोणीवरची तारीख वाचत नाहीत. पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष गोणीवर छापलेलं असतं. दमट हवेत सिमेंटची ताकद घटत जाते आणि तीन महिन्यांनंतर ते भरवशाचं राहत नाही. त्यामुळे स्वस्त मिळालं म्हणून पावसाळ्याआधी शंभर गोण्या भरून ठेवण्यात बचत नाही. ज्या दुकानातून माल लवकर उठतो, तेच सिमेंटचं चांगलं दुकान, मग ते दोन रुपये महाग का असेना. "५३ ग्रेड सगळ्यात भारी" हेही अर्धंच खरं. ५३ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा. प्लास्टरला तेवढी लागत नाही. उलट पाणी मारण्यात हयगय झाली तर तडे लवकर दिसतात. प्लास्टर-जुडाईला राखमिश्रित पीपीसी उत्तम. स्लॅबलाही चालतं, फक्त सेंट्रिंग काढायची घाई करू नये.

आता रेती. "खडकपूर्णा नदीच्या रेतीशिवाय घर टिकत नाही" ही श्रद्धा आहे. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत दगडापासून तयार केलेल्या रेतीलाही काँक्रीटसाठी मान्यता आहे, आणि काळ्या दगडाची आपल्याकडे कमतरता नाही. गोम एवढीच, की क्रशरखाली पडलेली डस्ट म्हणजे कृत्रिम रेती नव्हे. दाण्याला आकार देणारं यंत्र आणि पुढची धुलाई किंवा चाळणी झाली तरच ती रेती. नदीची रेती तपासायला काचेच्या बरणीत रेती-पाणी हलवून ठेवा. वर बसलेला गाळाचा थर जाड दिसला तर माल घेऊ नये. रात्रीच्या टिप्परने आलेली स्वस्त रेती स्वस्त राहीलच असं नाही. जमीन महसूल संहितेत विनापरवाना गौण खनिजासाठी बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, म्हणून वाहतूक परवाना हातात घेतल्याशिवाय गाडी खाली करू देऊ नये. घरकुलाच्या लाभार्थ्याला तर २०२५ च्या राज्य वाळू धोरणात पाच ब्रासपर्यंत रेती मोफत आहे. तहसीलमध्ये विचारणा न करता विकत घेणारे मात्र पुष्कळ. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनाने चार-साडेचार टन. एवढा जड आणि किलोमागे एवढा स्वस्त माल जितका जवळून, तितका बरा. गिट्टी आणि विटांनाही हाच न्याय.

शेवटी बिल. "पक्कं बिल घेतलं की टॅक्सचा भुर्दंड." सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, लोखंडावर १८ होताच. कच्च्या चिठ्ठीवर तेवढे पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण माल खराब निघाला तर तो त्या दुकानाचाच होता हे दाखवणार कशाने? "जालन्याच्या दुकानदाराविरुद्ध तक्रार करायला जालन्याचे हेलपाटे कोण घालणार" हीही शंका निराधार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो. मात्र तिथेही बिल लागेलच.