पाणी स्वच्छ, मग विष कुठे?

एक कोडं सोडवा बघू! तळ्यातलं पाणी तपासलं, तर विषाचा मागमूस नाही. त्याच तळ्यातला मासा तपासला, तर अंगात विषच विष! असं कसं झालं असेल?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये क्लिअर लेक नावाचं मोठ्ठं तळं आहे. लोक तिथे हौसेने मासे पकडायला जायचे. पण बाई गं, ती चिलटं! संध्याकाळी दिवा लागला रे लागला, की थवेच्या थवे हजर! गंमत म्हणजे ती चावायची नाहीत. नुसता वैताग! शेवटी १९४९ साली तळ्यात डीडीडी नावाचं कीटकनाशक सोडलं. हे डीडीटी या कीटकनाशकाचं सख्खं भावंड.

किती सोडलं असेल? ७ कोटी थेंब पाण्यात फक्त १ थेंब! एवढ्याशाने काय बिघडतंय, असंच वाटेल ना?

काही वर्षांनी चिलटं परत आली. मग १९५४ मध्ये जरा वाढवून, ५ कोटींत १ थेंब. आणि त्या हिवाळ्यात शंभराहून जास्त ग्रीब पक्षी मेलेले सापडले! ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीचा लांब मानेचा भाऊबंद. पाण्यावरून चक्क धावतो हा!

शास्त्रज्ञांनी त्यांची चरबी तपासली आणि चाटच पडले. पाण्यात सोडलं होतं त्याच्या जवळजवळ ८०,००० पट डीडीडी!

कुठून आलं एवढं? चला स्वयंपाकघरात. वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद टाका. थोड्या वेळाने बरीचशी तळाशी बसते. तीच हळद आईने फोडणीत टाकली की तेल कसं पिवळंधमक! हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाहीच. डीडीडीचंही तसंच! नको असलेल्या बऱ्याच गोष्टी आपलं शरीर पाण्यात विरघळवून शूवाटे बाहेर टाकतं. पण हा पठ्ठ्या पाण्यात विरघळायलाच तयार नाही. चरबीत जाऊन मुक्काम ठोकतो!

तळ्यातल्या इवल्या इवल्या जिवांच्या, म्हणजे प्लवकांच्या, अंगात तो थोडा थोडा शिरला. छोट्या माशाने असे असंख्य जीव गट्टम केले. त्या सगळ्यांचं विष आता त्याच्या एकट्याच्या पोटात! मोठ्या माशाने असे कितीतरी छोटे मासे खाल्ले. आणि ग्रीबने ते मासे मटकावले. पाण्यातलं डीडीडी तोवर दिसेनासं झालं होतं. जाणार कुठे? सगळ्यांच्या अंगात जाऊन बसलं होतं!

आता खरी गोष्ट. मासे तर आपणही खातो!

अमेरिका आणि कॅनडातल्या ग्रेट लेक्स या पाच महासरोवरांत पीसीबी नावाचं रसायन शिरलं होतं. विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ते वापरायचे. १९७९ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली, तरी माशांत ते अजूनही सापडतं. चिवट आहे की नाही? पण तेही चरबीचंच वेडं. म्हणून तिथे सांगतात, माशाची कातडी आणि चरबी काढून टाका, मग जाळीवर भाजा. उरलेली चरबी ठिबकून जाते!

माशांत पाराही सापडतो. तो मात्र महाबदमाश! तो चरबीत नाही, माशाच्या मांसातच बसतो. सोला, धुवा, भाजा, ढिम्म हलत नाही!

मग काय करायचं? तिथे चक्क तक्ते मिळतात. कोणता मासा महिन्यातून किती वेळा खायचा, ते त्यात असतं. लहान मुलांसाठी आणि ज्यांना बाळ होणार आहे त्या आयांसाठी नियम जास्त कडक. कितीतरी तक्त्यांत माशाची लांबीसुद्धा दिलेली असते! मासा जितका मोठा, तितकी जास्त वर्षं तो विष खात आलेला. गळाला हातभर मासा लागला की पोरं नाचतात, पण तक्त्यात पहिला नंबर वीतभर माशाचा!