लांडगा, लेन्स आणि ९१ मीटर

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले गेले होते. १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणले, पुढच्या वर्षी आणखी १७. आता त्यांच्या छायाचित्रांसाठी लामार खोऱ्यात पहाटेपासून ट्रायपॉड लागतात. हिवाळा उत्तम, बर्फावर काळे-करडे लांडगे दुरूनही उठून दिसतात.

नियम कडक आहेत, आणि ते हवेतच. लांडग्यापासून किमान ९१ मीटर लांब राहायचं. इतक्या लांबून ६०० मिलिमीटरची लेन्सही अनेकदा अपुरी पडते. ड्रोनला बंदी. आवाज काढून बोलावण्यालाही मनाई.

या नियमांमागे कारण आहे: माणसाला सरावलेला लांडगा उद्यानाबाहेर सहज बंदुकीच्या टप्प्यात येतो. पर्यटकांची लाडकी ‘०६’ ही मादी २०१२ मध्ये हद्दीबाहेरच, वायोमिंगमध्ये शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. तेव्हा लांडगा जवळ येऊ लागला, तर कॅमेरा खाली करा आणि मागे सरा.