तव्यावरचा वाघ

चिखलदऱ्याचा पाऊस एकदा बसला की उठायचे नाव घेत नाही. सून बाळंतपणासाठी अमरावतीस गेलेली, आणि इकडे चार वर्षांची नात दोन दिवस ताटाला शिवेना!

शेवटी कणीक, थोडे बेसन, हळद नि मीठ सरसरीत भिजवले. मंद आचेवर, तेल पुसलेल्या तव्यावर चमच्याने वाघ रेखला, तोंड खिडकीकडे. रेघा तांबूस झाल्यावर पीठ वर पसरले. मैत्रिणींनो, आधी पडलेली रेघ जास्त भाजते, म्हणून उलटल्यावर गडद उठून दिसते. मेळघाटचा वाघ तयार!

मग रिकाम्या काड्यापेट्या खळीने चिकटवून गाविलगड उभा केला. खरा गड १८०३ साली इंग्रजांनी घेतला. आमच्या गडाला मात्र आता राखणदार होता.

पण धिरड्यातले चित्र उलटल्यावर फिरते, हे मी विसरलेच होते. वाघाचे तोंड दाराकडे वळलेले!

नात म्हणाली, "आजी, हा आईची वाट पाहून राहिला."

माझा घास घशातच अडकला. ती मात्र शेपटीकडून खाऊ लागली. डोके तेवढे वाटीखाली झाकून ठेवले, आईसाठी.