घट्टा, फोड आणि सालटे : मल्लखांबपटूच्या त्वचेविषयी

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, त्याची साधना आजही पुण्यातील आखाड्यांत चालते. तेथे त्वचेच्या तीन अवस्थांना तीन नावे आहेत, आणि प्रत्येकीचे क्रियापद निराळे आहे. फोड 'येतो', घट्टा 'पडतो', सालटे 'निघते'. हा भेद केवळ रूढीचा नव्हे. त्यात निदान सामावले आहे.

ताप येतो, घेरी येते, तसाच फोडही येतो; म्हणजे अल्पावधीत उद्‌भवतो. दोरी वा लाकूड त्वचेला एका दिशेने ओढते, आतील ऊतक मागे राहते, वरचे थर परस्परांपासून सुटतात आणि त्या पोकळीत द्रव साठतो. सराव त्वचेच्या सहनशक्तीपुढे गेला, असा त्याचा अर्थ.

'पडणे' हे क्रियापद मात्र टिकून राहणाऱ्या खुणेचे आहे. पायवाट पडते, पायंडा पडतो, गोष्ट अंगवळणी पडते. सोसवेल इतके घर्षण वारंवार झाले की त्वचेचा बाह्य थर जाड होतो आणि घट्टा पडतो. तो संरक्षक असतो. परंतु भेगही 'पडते'च, हे विसरता कामा नये. घट्टा प्रमाणाबाहेर उंचावला की त्याची कड दोरीत अडकते, आणि मऊ त्वचेच्या सीमेवर तो मुळासकट उचकटतो. हेच सालटे.

म्हणून घट्टा नाहीसा करावयाचा नसतो, सपाट राखावयाचा असतो. स्नानानंतर त्वचा मऊ असताना तो वज्रीने हलकेच घासावा. पात्याने कापू नये. पकडीसाठी लावलेली राळ नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी खोबरेल चोळावे, मग साबणाने धुवावे. रात्री हाताला तेल लावल्यास भेगा टळतात. फोडावरील कातडी सोलू नये. तेच त्याचे आच्छादन होय. सालटे निघाल्यास जखम साबणपाण्याने धुऊन झाकावी आणि ती भरेपर्यंत दोरी धरू नये. लाली वाढली, सूज वा पू दिसला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ही काळजी तळहातापुरती नाही. पुरलेल्या मल्लखांबाला घर्षण कमी व्हावे म्हणून एरंडेल चोळतात. तरीही मांड्या आणि काखा उघड्याच लाकडाला घासतात. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांमधील नाजूक त्वचेवर अवघा भार येतो.

आपण 'हात बसला' म्हणतो, तेव्हा कौशल्याविषयी बोलतो. आखाड्यात पुष्कळदा सोललेला हात हाच बसलेल्या हाताचा पुरावा मानला जातो, आणि कोवळी मुले वेदना लपवितात. भाषेने हे दोन अर्थ कधीच एक केलेले नाहीत. घट्टा सरावाची साक्ष देतो. सालटे केवळ दुर्लक्षाची.