निरगुडीचा अर्क आणि उंदराचा पाय

उंदराच्या मागच्या पायावर, घोट्याजवळ, मार्करने एक बारीक काळी रेघ ओढलेली असते. पाय त्या रेघेपर्यंत नळीतल्या पाण्यात बुडवायचा; ना जास्त, ना कमी. पायाने जेवढं पाणी सारलं तेवढं त्याचं आकारमान, आणि ते शेजारच्या डिजिटल पडद्यावर मिलिलिटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत उमटतं. या यंत्राचं नाव प्लेथिस्मोमीटर. निरगुडी सूज उतरवते का, याचं प्रयोगशाळेतलं उत्तर त्या रेघेवर अवलंबून असतं. पाय रेघेच्या किंचित खाली गेला तर नसलेली सूज आकड्यात दिसते, किंचित वर राहिला तर असलेली सूज हरवते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा गाड्यांचा म्हणून ओळखला जातो, पण गाड्यांच्या आधी इथे औषध आलं. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना 1954ची, पेनिसिलीन बनवण्यासाठी. त्या पेनिसिलीनची पहिली मोठी परीक्षाही उंदरांवरच झाली होती. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये 8 उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांनाच पेनिसिलीन दिलं. औषध न मिळालेले चारही उंदीर उजाडायच्या आत मेले. झाडपाल्याच्या वाट्याला इतकं रोखठोक उत्तर सहसा येत नाही. आज याच पट्ट्यातल्या एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म.ची एक विद्यार्थिनी निरगुडीवर प्रबंध करते आहे. तिचं काम मी शेजारी बसून पाहिलं.

उंदरापर्यंत पोचायच्या आधी बरंच काही उरकावं लागतं. निरगुडी मावळ-खेडात बांधाला, ओढ्याकाठाला सहज मिळते. पण 'सहज मिळाली' हे प्रबंधात चालत नाही. जांभळट फुलोऱ्यासकट फांदी दाबून, वाळवून पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे ओळख पटवायला द्यायची आणि तिथला दाखला जोडायचा. पाला सावलीत वाळवायचा, कारण उन्हात त्यातलं सुगंधी तेल उडून जातं. मग त्याची भरड सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात घालून अल्कोहोलच्या फेऱ्या, नंतर रोटरी इव्हॅपोरेटरवर अल्कोहोल उडवून टाकणं. शेवटी बशीत उरतो तो काळपट हिरवा, चिकट गोळा. तो पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सीएमसी नावाच्या दाट द्रावणात खलून एकजीव करतात.

कागदांचं काम वेगळंच. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ॲनिमल हाऊसची नोंदणी लागते आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिविषयक समितीची मंजुरी. त्या समितीत पशुवैद्य असतो, तसाच विज्ञानाशी संबंध नसलेला एक समाजातला माणूसही असतो. किती उंदीर, तेवढेच का, त्यापेक्षा कमी का नाहीत, वेदना कशी कमी करणार, प्रयोग संपल्यावर त्यांचं काय करणार, हे सगळं आधी लिहून द्यायचं. पदवीच्या विद्यार्थ्यांचे बरेचसे प्रयोग आता संगणकावरच होतात. नव्या अर्काचं उत्तर मात्र संगणकात आधीपासून भरून ठेवलेलं नसतं.

ॲनिमल हाऊस तिथले सेवक असलेल्या मामांच्या ताब्यात आहे. बारा तास उजेड, बारा तास अंधार, बावीस अंशांच्या आसपास तापमान, पिंजऱ्यात भाताच्या तुसाचं अंथरूण. विस्टार जातीचे पांढरे रॅट. डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर पिक्रिक ॲसिडचे पिवळे ठिपके, एकमेकांपासून ओळखू यावेत म्हणून. मामा उंदीर उचलतात तेव्हा तळहात खालून आधाराला असतो. घाबरलेला उंदीर पाय आखडून घेतो आणि रीडिंग बिघडतं, त्यामुळे हळुवारपणा इथे मोजमापाचाच भाग आहे.

रात्रभर उंदरांना फक्त पाणी. सकाळी वजनं, मग सहा-सहांचे गट. एका गटाला नुसतं सीएमसी, एकाला डायक्लोफेनॅक, बाकीच्यांना अर्काचे चढते डोस. टोकाला गोळी असलेली वाकडी सुई जिभेवरून अलगद सरकवत थेट जठरापर्यंत न्यायची. ती चुकून श्वासनळीत गेली तर उंदीर जिवाला मुकतो, म्हणून हे काम नवख्याच्या हाती देत नाहीत. तासाभराने तळपायात 0.1 मिलिलिटर, 1 टक्का कॅराजिनन टोचतात. हा समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेला पदार्थ. आइस्क्रीम दाट करायलाही तोच वापरतात. पायात गेला की मात्र पाय टरारून फुगतो. 1962 साली विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, आणि सूज उतरवणाऱ्या औषधांची पहिली चाचणी म्हणून ती आजही चालते.

त्यानंतर दर तासाला रीडिंग. पहिल्या तास-दीड तासात सुजेमागे मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही शरीरातलीच रसायनं असतात. तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिनचा जोर होतो. डायक्लोफेनॅकचा हात या दुसऱ्या टप्प्यावर. म्हणून अर्काने सूज कोणत्या तासाला अडवली, यावरून तो कुठे काम करत असावा याचा अंदाज बांधता येतो. श्रीलंकेतल्या संशोधकांनी 2003 साली निरगुडीच्या ताज्या, जून पानांच्या पाण्यातल्या अर्काने उंदरांची सूज आणि वेदना कमी होत असल्याचं प्रसिद्ध केलं. प्रोस्टाग्लँडिन रोखण्याचा गुणही त्यांना दिसला. इथे पाय बुडवणाऱ्या मुलीला कोणता उंदीर कोणत्या गटातला ते ठाऊक नव्हतं. यादी दुसऱ्याच मैत्रिणीकडे होती. आपल्या आजीचं औषध खरं ठरावं असं मनात असलं की हात नकळत रेघेच्या वर थांबतो.

आता डोसाचं गणित. रॅटला किलोमागे 200 मिलिग्रॅम दिले, म्हणून माणसालाही तेवढेच असं होत नाही. रुळलेल्या हिशोबाप्रमाणे तो आकडा साधारण सहाने भागतात. तरी 60 किलोच्या माणसाला जवळपास 2 ग्रॅम अर्क येतो. 100 ग्रॅम सुक्या पाल्यातून 10 ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर झाला 20 ग्रॅम सुका पाला. काढ्याच्या चिमटीत तो मावत नाही. 'उंदरांवर सिद्ध' असं छापणाऱ्या बाटल्या हा भागाकार सांगत नाहीत.

आणि तो पाय तरण्या, निरोगी उंदराचा असतो, सूज काही तासांची. चाकणच्या असेंब्ली लाइनवर पंधरा वर्षं उभं राहून झिजलेला गुडघा हा निराळाच प्रश्न आहे. उंदराकडून माणसाकडे जाण्याची वाट आहे, पण लांबची. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकारी गुळवेल घेऊन ती चालले. आधी अडथळ्याची कावीळ केलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, मग रुग्णांवर, गट पाडून. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्ण अवघे 30 होते. तरीही शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांचं प्रमाण गुळवेल मिळालेल्या गटात ठळकपणे जास्त होतं. निरगुडीच्या या प्रबंधाची मजल पहिल्या पायरीपर्यंतच आहे, आणि तो करणाऱ्या मुलीला ते पक्कं ठाऊक आहे.

शेवटचं रीडिंग झाल्यावर मामांनी तिला विचारलं, "मॅडम, मग मी गुडघ्याला पाला शेकून बांधतो ते बरोबर का?"

"मामा, आपण यांना अर्क पोटातून दिलाय," ती म्हणाली. "पाला बाहेरून बांधल्यावर काय होतं, ते आपण तपासलंच नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर बांधा. पण माझ्या प्रबंधाचा दाखला देऊ नका."

बाहेरून लावायच्या लेपासाठी मलम बनवावं लागेल, कातडीवर पुरळ येतं का ते पाहावं लागेल आणि समितीकडे नवा अर्ज करावा लागेल. तो अर्ज पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने करावा, असं तिने प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी टिपून ठेवलं आहे.