बिघडला, म्हणून लाल!

मुंबईत लोकलने जाणाऱ्या कुणालाही विचारा. ‘सिग्नल फेल’ हे दोन शब्द कानावर पडले की त्याचा चेहराच उतरतो. कुणाला लेट मार्क लागणार असतो, कुणाची परीक्षा असते. पण मुलांनो, एक गोष्ट कधी लक्षात आली का? बिघडलेला सिग्नल जवळजवळ नेहमी लालच होऊन बसतो. हिरवा का नाही होत? बिघडायचंच आहे तर निदान आपल्या सोयीने तरी बिघडावं!

याचं उत्तर रुळांत दडलंय. हे दोन पोलादी रूळ गाडी तर वाहतातच, शिवाय बातमीही पोचवतात. त्यासाठी लोहमार्गाचे भाग पाडलेले असतात. दोन भागांच्या मधल्या सांध्यात वीज न जाऊ देणारी पट्टी बसवतात. मग प्रत्येक भागाच्या एका टोकाकडून रुळांत अगदी कमी दाबाची वीज सोडतात. ती एका रुळातून जाते, दुसऱ्या टोकाच्या ‘रिले’मधून फिरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. रिले म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारं बटण. वीज मिळत असली की चुंबक एक छोटी पट्टी उचलून धरतो. पट्टी वर असेल तरच सिग्नलला हिरवं व्हायची परवानगी!

आता गाडी आली. तिची पोलादी चाकं आणि त्यांना जोडणारा आस यांनी दोन्ही रूळ एकमेकांना जोडले गेले. विजेला घरी परतायला जवळची वाट मिळाली. ती आता रिलेपर्यंत कशाला जाईल? चुंबकाची ताकद गेली, पट्टी खाली पडली, मागचा सिग्नल लाल झाला. कुणी बटण दाबलं नाही, कुणी फोन केला नाही. गाडीनेच स्वतःच्या पाठीमागे लाल दिवा लावून घेतला!

या युक्तीला ‘ट्रॅक सर्किट’ म्हणतात. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल 1928 मध्ये मुंबईतच आले, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून, म्हणजे आजच्या सीएसएमटीपासून, भायखळ्यापर्यंत.

खरी गंमत पुढे आहे. हात वर करून उभे राहा बरं. हात वर धरून ठेवायला ताकद लागते ना? खाली पडायला मात्र काहीच लागत नाही. रिलेची पट्टी तशीच. वर राहायला तिला वीज लागते, पडायला स्वतःचं वजन पुरतं. वायर तुटली, पडली. वीज गेली, पडली. रुळाला आरपार तडा गेला आणि विजेची वाट बंद झाली, तरी पडली. रुळांवर पाणी साचलं आणि वीज पाण्यातूनच पलीकडे निसटली, तरीही पडली! आणि पट्टी पडली की सिग्नल लाल. म्हणजे शेवटचा पहारेकरी आहे गुरुत्वाकर्षण. त्याचं कधी लोडशेडिंग नसतं. सिग्नलचा दिवाच विझला तर? तरी नियम ठरलेला आहे. जिथे सिग्नल हवा तिथे अंधार दिसला, तर मोटरमनने तो लालच समजायचा.

पाणी साचणाऱ्या जागी दुसरी युक्तीही वापरतात, तिचं नाव ॲक्सल काउंटर. तो आस मोजतो. बारा डब्यांच्या लोकलला डब्यामागे 4 याप्रमाणे 48 आस. 48 आत गेले आणि 47 च बाहेर आले? मग सिग्नल लाल. ‘मोजताना चुकलं असेल’ असं म्हणून सोडून देणं त्याला माहीतच नाही.

आणि सिग्नल उलटा बिघडला तर? असं क्वचित होतं, पण झालेलं आहे. लंडनमध्ये क्लॅपहम जंक्शनजवळ नव्या वायरिंगचं काम चालू होतं. एक जुनी वायर कापून नीट बाजूला करायची राहिली. ती जुन्या जोडणीच्या टोकाला टेकली आणि नको तिथे वीज पोचली. पुढे गाडी उभी असतानाही सिग्नल लाल झाला नाही. 12 डिसेंबर 1988 च्या सकाळी तिथे गाड्या आदळल्या आणि 35 माणसं गेली. लाल होऊन बिघडणारा सिग्नल वेळ घेतो. हिरवा राहून बिघडणारा काय घेतो, ते त्या दिवशी कळलं.

आता तो वेळ किती, ते पाहू. ज्या आपोआप चालणाऱ्या सिग्नलवर ‘ए’ अक्षराची पाटी असते, तो लाल असला की मोटरमन गाडी थांबवतो. दिवसा 1 मिनिट आणि रात्री 2 मिनिटं वाट पाहतो. मग भोंगा वाजवून, पुढे डोळे लावून, ताशी फार तर 15 किलोमीटरच्या वेगाने पुढच्या सिग्नलपर्यंत जातो.

पाटीपेन्सिल घ्या! समजा, बिघडलेला भाग 1 किलोमीटरचा आहे, त्यात एका वेळी एकच गाडी जाते आणि ती बाहेर पडल्यावरच मागची गाडी आपलं 1 मिनिट मोजायला लागते. एरवी ताशी 60 किलोमीटरने तो 1 मिनिटात पार होतो. आता 1 मिनिट थांबणं अधिक 4 मिनिटं सरकणं, म्हणजे 5 मिनिटं. पहिल्या गाडीला उशीर फक्त 4 मिनिटांचा. पण मागून दर 3 मिनिटांनी गाडी येतेच आहे! दुसरीला 6 मिनिटं, तिसरीला 8, आणि दहावीला चक्क 22. तासाला 20 गाड्या जायच्या, तिथे 12 च गेल्या. उरलेल्या 8 गाड्यांची माणसं कुठे जाणार? फलाटावर. मग चढाउतरायला जास्त वेळ, म्हणजे आणखी उशीर. आणि जी लोकल उशिरा सीएसएमटीला पोचली, तीच उलट फिरून परत निघणार असते. म्हणून बिघाड एका दिशेला झाला तरी दुसऱ्या दिशेचे लोकही घड्याळ बघत बसतात.

शिवाय हे रूळ एकट्या लोकलचे थोडेच आहेत? कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत मेल-एक्सप्रेस आणि जलद लोकल एकाच मार्गावरून धावतात. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे लोकल, नाशिककडच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या रूळ वाटून घेतात. धीम्या मार्गावर बिघाड झाला की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात. मग विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे त्या थांबू शकत नाहीत, कारण जलद मार्गाला तिथे फलाटच नाहीत. तिकडे जलद गाड्यांच्या रांगेत हे नवे पाहुणे शिरतात, त्यांच्यामागे एखादी एक्सप्रेस अडकते. एका पट्टीने मान टाकली आणि तिचा निरोप नाशिकपर्यंत गेला!

आता तुमचं काम. फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे, मोठ्या माणसासोबत उभे राहा आणि पुढचा सिग्नल बघा. गाडी त्याच्याजवळून गेली की तो लाल होईल. मग गाडी जशी दूर जाईल तसा तो आधी एक पिवळा, मग दोन पिवळे आणि शेवटी हिरवा होईल. प्रत्येक रंगाला किती सेकंद लागले ते वहीत टिपा. गर्दीच्या वेळी आणि दुपारी, असं दोनदा करा. दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहा. हळूहळू पुढची गाडी किती दूर आहे हे तुम्ही नुसत्या दिव्यावरून सांगू लागाल. आणि तुमचीच गाडी लाल सिग्नलपाशी थांबली, तर मनात साठपर्यंत आकडे म्हणा. मोटरमनही तेवढंच मोजत असण्याची शक्यता आहे!